डिजिटल चित्रांसाठी सॉफ्टवेअर कसं निवडावं

सॉफ्टवेअरच्या याद्या चाळण्याआधी कागद घ्या आणि तुम्हाला सगळ्यात आधी कोणतं चित्र काढायचं आहे ते एका वाक्यात लिहा. ‘ओल्या जलरंगातलं निसर्गचित्र’, ‘सोळा पानांचं कॉमिक’, ‘रंगीत व्यक्तिचित्र’, काहीही चालेल. ‘सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं’ याला उत्तर नाही, पण या वाक्याला बहुतेक वेळा असतं.

मग हातातलं उपकरण बघा

इथेच निम्मी यादी गळते. प्रोक्रिएट ॲपलच्या उपकरणांपुरतं, मुख्यतः आयपॅडसाठी आहे. पेंट टूल साय विंडोजवरच चालतं. क्रिटा विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड टॅबलेटवर मिळतं, आयपॅडवर मिळत नाही. फक्त फोन असेल तर आयबिस पेंटपासून सुरुवात करा.

रॅम, म्हणजे काम चालू असताना उपकरण वापरतं ती मेमरी, तीही तपासा. ए-४ कागदावर ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापायचं चित्र २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं. नेहमीच्या ८ बिट रंगांत त्याचा पूर्ण भरलेला एक लेयर (एकावर एक ठेवलेल्या सुट्या थरांपैकी एक) सुमारे ३५ एमबी जागा घेतो, म्हणजे वीस लेयरना ७०० एमबी लागतात. प्रोक्रिएटमध्ये कॅनव्हास मोठा केला की लेयरची मर्यादा कमी होते, ती याचमुळे.

आता ते वाक्य पुन्हा वाचा

रंग कागदावर पसरावा, एकात एक मिसळावा, हळूहळू सुकावा असं वाटत असेल तर रिबेल वापरून बघा. पाण्याचं वागणं त्यात फार मन लावून उतरवलंय. तैलरंग, खडू, कोळसा यांचा पोत हवा असेल तर कोरल पेंटर आहे. कॉमिकसाठी मी निःशंकपणे क्लिप स्टुडिओ पेंट सुचवेन: चौकटी, संवादांचे फुगे, पर्स्पेक्टिव्हच्या (जवळ-दूरचा भास आखण्याच्या) पट्ट्या सगळं तयार मिळतं. अनेक पानं एकत्र सांभाळायची असतील तर त्याची ईएक्स आवृत्ती लागते. फोटो आणि रंगकाम एकत्र करणाऱ्यांना फोटोशॉप उपयोगी पडतं, पण नुसती चित्रं काढायची असतील तर त्याची वर्गणी भरण्याची गरज मला दिसत नाही.

कॉम्प्युटरवर नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधी क्रिटाच देते. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. थरथरती रेघ सावरण्याची सोय आहे, भरपूर ब्रश आहेत, साधं ॲनिमेशनही करता येतं. मोफत म्हणून ते कमी दर्जाचं असेल असं समजू नका.

दोन निवडा आणि दोन्हींत तेच चित्र काढा

ही पायरी गाळू नका. सशुल्क सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती मिळते का ते बघा. एकच साधं चित्र, समजा खिडकीतली कुंडी, दोन्हींत पूर्ण करा. पेनवरचा दाब वाढवला की रेघ जाड होते का? मोठा ब्रश फिरवला की रंग हाताच्या मागे रेंगाळतो का? दोन रंग मनासारखे मिसळतात का? कॅनव्हास फिरवणं, रंग उचलणं, चित्र उलटं करून बघणं या गोष्टी तासाभरात शंभरदा लागतात, त्यामुळे त्या चटकन जमायला हव्यात. क्रिटात एम हे बटण दाबलं की चित्र आरशातल्यासारखं दिसतं आणि चेहऱ्याचा तिरकेपणा लगेच उघडा पडतो.

विंडोजवर दाब कळतच नसेल तर सॉफ्टवेअर टाकून देऊ नका. त्याच्या टॅबलेट सेटिंगमध्ये विंटॅब आणि विंडोज इंक (पेनची माहिती सॉफ्टवेअरपर्यंत पोचवण्याच्या दोन पद्धती) असे पर्याय असतील तर बदलून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

पैसे भरण्याआधी फाइल बाहेर काढून बघा

एकदाच विकत घ्यायचं की दर महिन्याला भरायचं, हा हिशेब तुमचा. मी मात्र आधी फाइलकडे बघते. माझी सुरुवातीची कितीतरी चित्रं आज फक्त जेपीजीमध्ये उरली आहेत. जेपीजीमध्ये सगळे लेयर एक होतात, त्यामुळे त्यातलं आकाश वेगळं काढून पुन्हा रंगवणं आता शक्य नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून चाचणीतलं कुंडीचं चित्र पीएसडी (लेयर सुटे ठेवणारा फोटोशॉपचा फाइल प्रकार) म्हणून सेव्ह करा, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि लेयर सुटे आले का, त्यांचे रंग तसेच आहेत का ते नीट तपासा. छपाईचं काम असेल तर सीएमवायकेची (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीची) सोयही त्याच बैठकीत बघून घ्या.