गुडघा बदलल्यावर जखमेकडं कसं बघावं

आमच्या भावकीत आजवर पाच गुडघे बदलले आणि पाचही वेळा घरी आणल्यावर बाजेशेजारी मीच होतो. साखर आटोक्यात ठेवा, किडलेले दात आधी दाखवा, तंबाखू सोडा, हे तुम्हाला सर्जननं सांगितलंच असेल. ते केलंय असं धरून पुढचं सांगतो.

पट्टी सांगितलेल्या दिवशीच बदलायची, हात साबणानं धुऊन. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर जखमेला पाणी लावायचं नाही, त्यातून टँकरचं, हौदात आठ दिवस पडलेलं तर नाहीच नाही. भेटायला येणारी प्रत्येक बाई हळद, कडुलिंबाचा पाला, कसलंतरी तेल घेऊन येते. चहा पाजा, पुडी ठेवून घ्या, लावू नका.

आता खरी अवघड जागा, ती म्हणजे ओल.

पहिले दोन-तीन दिवस पट्टीवर रक्ताळ पाणी उमटतं. ते रोज कमी होत गेलं पाहिजे. मी वरच्या पट्टीवर डागाच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढतो आणि बाजूला तारीख-वेळ लिहितो. दुसऱ्या दिवशी डाग रेघेबाहेर गेला की घरातला "वाढलाय का नाही" हा वाद मिटतो. पाच-सात दिवस उलटूनही पट्टी भिजत असेल तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. "सुकेल की" म्हणणारे खूप भेटतात, निस्तरायला त्यातलं कुणी येत नाही. कोरडी झालेली जखम पुन्हा पाझरू लागली, लाली पसरत चालली, उतरलेलं दुखणं परत वाढलं, तरी तेच करा. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, कितीदा तो येतच नाही. उलट गुडघा हाताला नुसता कोमट लागतो म्हणून घाबरूही नका. ती ऊब काही महिने राहते.

आईच्या वेळी मी इथंच चुकलो. नवव्या दिवशी पट्टीवर हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळसर डाग दिसला. लातूर लांब, मे महिन्याचं ऊन, म्हणून गावातल्या मेडिकलवरून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या. डाग गेला, मी खूश. महिन्याभरानं गुडघा टम्म फुगला. मी पुन्हा त्याच गोळ्या चारल्या आणि मग लातूरला नेलं. सांध्यातलं पाणी सुईनं काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला पाठवलं, तर काहीच उगवलं नाही. जंतू मेले नव्हते, गोळ्यांनी दबले होते. दोन आठवडे गोळ्या बंद ठेवून पुन्हा सुई टोचावी लागली.

धातूवर बसलेले जंतू स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात, विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा. गोळीचं औषध त्यात पुरेसं शिरत नाही. लक्षणं दिसल्यापासून तीन-चार आठवड्यांत सांधा उघडून धुतला आणि मधला प्लास्टिकचा भाग बदलला, तर धातूचा सांधा बऱ्याचदा वाचतो. उशीर झाला की बहुतेकदा सगळा सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवतात, कित्येक आठवडे औषधं चालतात आणि मग पुन्हा नवा सांधा. आईनं हे सगळं भोगलं.

म्हणून सर्जननं सुईनं पाणी काढायचं की नाही हे ठरवेपर्यंत मनानं एकही अँटिबायोटिक घ्यायची नाही. गावातले डॉक्टर कितीही घरोब्याचे असोत, हात जोडून नाही म्हणा. थंडी वाजून ताप आला, माणूस गुंगीत गेलं, बरळायला लागलं, तर मात्र तासभरही दम धरायचा नाही. गाडी काढा आणि मोठा दवाखाना गाठा, सुई आधी की औषध ते तिथं ठरवतील. ही सुई कुठल्याही क्लिनिकात टोचून घ्यायची नाही, ऑपरेशन थिएटरसारखी स्वच्छ जागा लागते. कल्चर चौदा दिवस ठेवणार का, तेही विचारा. काही जंतू फार सावकाश वाढतात.

फोनवर "जरा ओलं वाटतंय" असं सांगितलं तर समोरचा "बघू" म्हणतो. "आज अकरावा दिवस, पट्टी दिवसातून दोनदा भिजते, डाग पिवळा, सकाळची साखर इतकी" असं सांगा आणि फोटो पाठवा.

सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढलेलाच असतो. उतरून पुन्हा चढला तर दाखवा.

पुढं कित्येक वर्षांनीही पायाची जखम, दात, लघवी यांतला जंतू रक्तातून सांध्यात जाऊ शकतो. टाचांच्या भेगा त्यातच आल्या. आई आता रानात अनवाणी जात नाही. पावसाळ्यात काळी माती चपलांना चिकटून पाय मणामणाचे झाले, की मला शिव्या घालते.