शेजारच्या शेडवाल्याला पहिलं काम तुम्ही द्या

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझी टर्निंगची (लेथच्या कामाची) शेड आहे. असोसिएशनच्या सभेत नाहीतर नवलखी मैदानावरच्या प्रदर्शनात जे भेटतात, त्यातले निम्मे माझ्याच गिऱ्हाइकांना कोटेशन देणारे. धंद्यात नवी आलेली पोरं विचारतात, काका, या लोकांशी बोलायचं तरी काय? मी म्हणतो, बोलणं थोडं ठेवा. काम द्या, आणि तेही आधी तुम्ही.

माणूस निवडताना त्याच्या मशीन बघा. टर्निंग तोही करतो, तुम्हीही करता, तिथे झटापट होणारच. पण त्याच्याकडे इंटर्नल ग्राइंडर, म्हणजे भोक आतून घासून मापात आणणारं मशीन, असेल आणि तुमचं ग्राइंडिंग नाहीतरी बाहेरच जात असेल, तर ते त्याच्याकडे का जाऊ नये?

पहिल्यांदा जायला लाभपाचम उत्तम. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या दिवशी मुहूर्त करून शेड उघडतात. पेढ्यांचा पुडा घेऊन गेलात तर 'कसं काय येणं केलंत' असं कोणी विचारत नाही. समोरचा गुजराती असेल तर गुजरातीतच बोला, हे बडोद्याच्या मराठी माणसाला सांगायला नको. रेट विचारू नका, गिऱ्हाइकाचं नाव विचारू नका. ऑपरेटर मिळतात का, हा विषय तासभर पुरतो. निघताना एवढंच म्हणा, "भाई, थोडे बुश आहेत, बोअर ग्राइंड करायचे. घाई नाही." (बुश म्हणजे पोकळ नळकांडं, बोअर म्हणजे त्याचं आतलं भोक.) आणि खरोखरच घाई नसलेलं काम द्या. कोणी हात लावत नाही असलं अडलेलं काम त्याच्या गळ्यात मारलंत, तर तो काय ते ओळखतो.

भांडण लागतं ते मापावरून, म्हणून इथे वेळ घाला. समजा बोअर 40 एच7 आहे, म्हणजे 40 मिलीमीटरवर शून्य ते अधिक 25 मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग) एवढीच सूट. बडोद्याचा मे महिना, मशीनवरून नुकताच उतरलेला नग गेजपेक्षा, म्हणजे माप तपासायच्या हत्यारापेक्षा, वीस अंशांनी गरम. 40 मिलीमीटरच्या पोलादी नगात तेवढ्याने सुमारे 9 मायक्रॉनचा फरक पडतो. त्याच्याकडे गरम असताना माप वरच्या टोकाशी बसलं, तुमच्याकडे निवल्यावर मधे आलं, तर बरंच. पण खालच्या टोकाशी असलेला नग निवला की रिजेक्ट, आणि मग तो म्हणतो "माझ्याकडे ओके होता", तुम्ही म्हणता "गेज बदला". दोघेही खरं बोलत असतात! तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवा: कोणाचा गेज अखेरचा, नग किती वेळ निवू द्यायचा, रिजेक्शनचं मटेरियल कोणाच्या नावावर. चलानाच्या मागे लिहा, दोघांनी सही करा.

ड्रॉइंग आहे तसं देऊ नका. त्याच्या ऑपरेशनपुरती मापं असलेलं वेगळं काढून द्या. गिऱ्हाइकाला मात्र ग्राइंडिंग बाहेर होतं हे सांगून ठेवा. लपवलेली गोष्ट टेम्पोवाला कधीतरी बोलतोच.

कागद सोपे आहेत. जीएसटीच्या कलम 143 खाली जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्याकडे नुसतं काम करायला दिलेला, माल कर न भरता चलानावर जातो, पण एका वर्षात परत आला पाहिजे. पैशांचं म्हणाल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे, तो उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर लेखी करार असतानाही 45 दिवसांच्या वर थांबवता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. मी म्हणेन, पहिल्या बिलाला तेवढेही लावू नका. स्पर्धकाचे पैसे वेळेवर दिलेत की ही बातमी सगळ्या जीआयडीसीत तोच फिरवतो.

एक सांभाळा. ओळख वाढली की कोणीतरी चहावर सुचवतोच, "टेंडरला आपण भाव ठरवून भरू." उठून या. 2002 च्या स्पर्धा कायद्यात त्याला सरळ बंदी आहे, दंड मोठा.

आता, तुम्ही देत राहिलात आणि त्याने उलट एकही काम पाठवलं नाही तर? ग्राइंडिंग चांगलं असेल तर चालू ठेवा, तुमचं काम होतंय ना. बहुतेक वेळा त्याच्याकडे लोड वाढला की टर्निंग तुमच्याकडे येतं. परस्पर तुमच्या गिऱ्हाइकाकडे गेला, तर मात्र पुढचं चलान बनवू नका. सभेत शेजारी बसा, नमस्कार करा, आणि बुश दुसऱ्याकडे पाठवा.