कोकणातून सोलापुरात आलात? कोळंबीचं काय करायचं ते सांगते

बदलीवर किंवा लग्न होऊन कोकणातून सोलापुरात आलेल्या बायका भेटल्या की घर, पाणी, शाळा एवढं बोलून झालं की चौथा प्रश्न ठरलेला, ताई इथे मासे कुठे मिळतात हो. मी देवगडकडची, इथे येऊन चौदा वर्षं झाली. पहिलं वर्ष मी नुसतं रडून काढलं, जेवणासाठी, खरं सांगते. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी शब्द. इथे कोळंबी म्हटलं तर कळतं, पण बाजारात झिंगे म्हणा, लगेच पुढे येतात. पद्मशाली तेलुगू शेजारी असतील तर त्यांच्याकडे रोय्यलु, आणि त्यांच्या घरात सुकी कोळंबी आपल्या सोड्यांइतकीच मानाची असते, त्यामुळे त्या मावश्यांशी ओळख वाढवा, मासळीबद्दल बोलायला जिवाभावाची माणसं मिळतील. उजनीचा मासा, म्हणजे कटला, रोहू, चिलापी, ताजा मिळतो, पण तो गोड्या पाण्याचा, आपल्या जिभेला त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

कोळंबी मात्र इथे बहुतेक बर्फातली नाहीतर फ्रोझन पॅकेटमधली, आणि ती बहुतेक तळ्यात वाढवलेली असते, व्हॅनामी जातीची. आपल्या देशात तळ्यातली कोळंबी सगळ्यात जास्त आंध्रात होते. त्यामुळे जून-जुलैत आपल्याकडे होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात तेव्हाही इथे ती मिळते. पॅकेटवर ३१/४० असं काही लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅममध्ये, एकतीस ते चाळीस नग. आकडा लहान तेवढी कोळंबी मोठी. आणि बर्फ सोडून निव्वळ वजन किती ते बघून घ्या, नाहीतर पाण्याचे पैसे जातात.

मी पहिल्यांदा एका दुकानातून अर्धा किलो आणली, डोकी काळी पडलेली, घरी येऊन पिशवी उघडली तर नाकात झोंबणारा वास. बहुतेक एकदा वितळून परत गोठवलेली होती. टाकून दिली. तेव्हापासून नियम एकच, दुकानातच वास घेऊन बघायचा, लाज वाटून घ्यायची नाही.

आता मुख्य गोष्ट. या कोळंबीचं आपलं नारळातलं कालवण करायला जाऊ नका. मी दोन वर्षं करून बघितलं, नारळ वाटून, कोकम घालून, सगळं आईसारखं, आणि दर वेळी ताटावर बसल्यावर गावची आठवण येऊन घास कडू व्हायचा, कारण ती चव ताज्या कोळंबीच्या अंगातून रसात उतरते आणि फ्रोझनमध्ये ती उतरत नाही, वर रश्श्यात उकळत राहिली की रबर होते. हिला मोठ्या आचेवर झटपट परतणंच मानवतं. चायनीज पद्धतीने. आपण ज्याला शेजवान म्हणतो तो चीनमधला सिचुआन प्रांत, त्याला समुद्रच नाही, सोलापूरसारखाच आतला मुलूख. तिथला कुंग पाव नावाचा प्रकार सुकी लाल मिरची, शेंगदाणे, सोया, व्हिनेगर आणि साखरेवर चालतो. मूळ चिकनचा, पण कोळंबीचाही करतात. शेंगदाणे आणि मिरची! सोलापुरात राहून याला अजून काय लागतं?

आणि एक गोष्ट आपल्याच घरात आहे. तिकडच्या त्या जेवणात जीभ झिणझिणवणारी मिरी असते, सिचुआन मिरी, ती आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, दोन्ही एकाच कुळातल्या. बांगड्यात तिरफळ चावलं की जीभ कशी बधिरते, तेच. मला हे कळलं त्या दिवशी डब्यातली तिरफळं काढून कुटली आणि कढईत टाकली, आणि तेव्हापासून आमच्याकडे दर रविवारी हेच होतं. बी काढून टाकायचं बरं का, फक्त वरचं साल घ्यायचं.

तर डोक्यासकट अर्धा किलो घेतली की सोलून पाव किलोच्या आसपास राहते, तिघांना पुरते. फ्रोझन असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, घाई असेल तर पिशवीसकट गार पाण्यात, पण ओट्यावर अजिबात नको, एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळीसच्या वर असतो, अर्ध्या तासात खराब व्हायला लागते. पाठीवरचा काळा दोरा काढा. पाणी इथे रोज येत नाही हे एव्हाना कळलं असेलच, म्हणून वाहत्या नळाखाली नाही, दोन पातेल्यांत धुवा. मग स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडी करा, अगदी कोरडी, ओली राहिली तर कढईत परतत नाही, उकडते, आणि सगळी मेहनत पाण्यात. चिमूटभर मीठ, मिरपूड, एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर चोळून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

तोपर्यंत वाटीत दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा साखर, अर्धा चमचा कॉर्नफ्लॉवर, तीन मोठे चमचे पाणी हलवून ठेवा. व्हिनेगर संपलं असेल तर कोकमाचं आगळ घाला, मी घातलंय, रंग गडद येतो पण चव छान लागते, फक्त आगळात मीठ असतं ते लक्षात ठेवा. आठ-दहा लसूण पाकळ्या, बोटभर आलं, एक ढोबळी मिरची, पातीचा कांदा, सगळं चिरून हाताशी. कढई तापल्यावर चिरायला वेळ मिळत नाही.

मिरच्या दोन जातीच्या घ्या, पाच-सहा ब्याडगी रंगाला, दोन गुंटूर तिखटाला, तोडून बिया झटकून. शेंगतेल लोखंडी कढईत चांगलं तापवा, कोळंबी एका थरात टाका, घरच्या गॅसवर पाव किलो एकदम टाकली की कढई थंड पडते म्हणून दोनदा करा. एका बाजूला एक मिनिट, उलटून एक मिनिट. वाकून कोयरीसारखी झाली की काढा, गोल अंगठीसारखी वळली म्हणजे जास्त झाली. मग आच कमी करून मिरच्या आणि तिरफळ, मिरच्या काळ्या पडल्या तर कडू होतं, लक्ष ठेवा. लसूण, आलं. आच वाढवून ढोबळी. वाटीतलं परत हलवून ओता, कारण पीठ तळाशी बसतं, दाट झालं की कोळंबी आत, अर्धं मिनिट, भाजलेले मूठभर शेंगदाणे, कांद्याची पात, बंद. वरून मी एक चमचा इथली शेंगाचटणी भुरभुरवते, तिच्यातला कुटलेला लसूण गरम कोळंबीवर पडला की जो वास सुटतो! भाताबरोबर सगळेच खातात, तुम्ही एकदा गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा. कडक भाकरी नको, मऊ.

घर भाड्याने घेताना मालकांना आधीच सांगा आम्ही मासे खातो म्हणून. इथे लिंगायत, जैन, मारवाडी शाकाहारी घरं भरपूर आहेत, लपवून केलं की वासाने कळतंच आणि मग मन दुखावतं. आमच्या पहिल्या मालकीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, सोमवारी आणि श्रावणात नको, बाकी तुमचं तुम्ही बघा. मी ते पाळलं, गड्ड्याच्या, म्हणजे इथल्या सिद्धेश्वरांच्या, यात्रेच्या दिवसांतही करत नाही, आणि त्या बाईंशी अजून जाणंयेणं आहे. सालं आणि डोकी मात्र कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत जिना वासाने भरतो. पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवायची आणि सकाळी घंटागाडी आली की द्यायची.

आणि गणपतीला गावी गेलात की तिरफळांची एक पुडी जास्तीची आणा. इथे मला कुठल्याच दुकानात मिळाली नाहीत, आणि माझा डबा तळाला गेलाय.