भाषाविज्ञानातून अमेरिकी सैन्यातील बौद्ध चॅप्लेनपदाकडे

भाषाविज्ञानात पीएच.डी. केलेला माणूस अमेरिकी सैन्यात बौद्ध चॅप्लेन, म्हणजे सैनिकांचा धर्मगुरू, कसा होतो, असे विचारणाऱ्यांना मी आधी पात्रतेचा हिशेब सांगतो, कारण माझी पहिली ठेच तिथेच लागली. या पदासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची किमान ७२ सेमिस्टर-तासांची (म्हणजे ७२ श्रेयांकांची) धर्मशास्त्रविषयक पदव्युत्तर पदवी लागते. माझे स्वनविज्ञान आणि वाक्यविचार त्यात कुठेच बसले नाहीत आणि पस्तिशीत मी पुन्हा विद्यार्थी झालो. कॅलिफोर्नियात बर्कलीची इन्स्टिट्यूट ऑफ बुद्धिस्ट स्टडीज आणि रोझमीडची युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट येथे बौद्ध चॅप्लेनसीचे शिक्षण मिळते. पालीचा पाया असल्याचा फायदा झाला, पण तेवढाच.

पदवीहून अवघड असते ते संरक्षण खात्याने मान्य केलेल्या धार्मिक संस्थेचे शिफारसपत्र. लहानपणापासून दर रविवारी विहारात बुद्धवंदना म्हटली, एवढ्याने भागत नाही. रीतसर दीक्षा, परंपरा आणि प्रत्यक्ष धर्मसेवा पाहिली जाते. नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेपासून आमच्या घराण्याची गोष्ट मला अनेकदा पहिल्यापासून सांगावी लागली. वाट मुळात नवी आहे: जेनेट शिन २००४ साली नौदलात रुजू झाल्या, तेव्हा त्या अमेरिकी सैन्यदलांतील पहिल्या बौद्ध चॅप्लेन ठरल्या.

खरी मोडतोड झाली ती चॅप्लेन म्हणून रुग्णांना धीर द्यायला शिकवणाऱ्या रुग्णालयातील प्रशिक्षणात. त्याचे एक सत्र ४०० तासांचे असते आणि त्यात रुग्णाशी झालेले बोलणे नंतर आठवून शब्दशः लिहून काढावे लागते. आयुष्यभर ध्वनिमुद्रणे उतरवून घेतलेल्या मला हे हातचे काम वाटले. मी विराम, अडखळणे, अर्धवट सोडलेली वाक्ये, सगळे टिपून नेले. मार्गदर्शक बाईंनी पाने चाळली आणि विचारले, "रुग्ण दिसला, पण तुम्ही या खोलीत कुठे होता?" माझ्या सहा पानांत माझी वाक्ये चार होती, आणि चारही प्रश्नच होते. त्या रात्री मला, खरे सांगायचे तर, रागच आला होता.

त्यानंतर साउथ कॅरोलायनातील फोर्ट जॅक्सनला मूलभूत प्रशिक्षण झाले. चॅप्लेन शस्त्र बाळगत नाही. शस्त्र सोबतच्या साहाय्यकाकडे असते. माझ्याकडे येणाऱ्यांत बौद्ध थोडेच असतात. ख्रिस्ती सैनिकाला हवा असेल तर त्याच्या पंथाचा धर्मगुरू मिळवून देणे हेही माझेच काम.

माझ्याशी झालेले बोलणे पूर्णपणे गोपनीय राहते, म्हणून कोणी काय सांगितले ते इथे येणार नाही. व्याकरणाची एक गोष्ट मात्र सांगता येईल. फार जड काही सांगताना इंग्रजी बोलणारा माणूस 'मी' सोडून 'यू'वर जातो, जसे आपल्याकडे "आपल्याला झोपच लागत नाही हो" असे स्वतःविषयी म्हटले जाते. ही उडी मला चटकन ऐकू येते. पूर्वी अशा वेळी माझा हात वहीकडे जाई. आता वही मी दाराबाहेरच्या खणात ठेवून आत येतो.