वापरसुलभता चाचणी रेकॉर्ड करणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर कसे लिहावे

वापरसुलभता चाचणीत एखादी व्यक्ती सॉफ्टवेअर वापरताना कुठे अडते, हे पाहिले जाते. ते नोंदवणाऱ्या प्रोग्रामच्या पहिल्या आवृत्तीत पडदा, सहभागी व्यक्तीचा चेहरा, आवाज आणि माउसच्या क्लिक एवढ्याच चार गोष्टी नोंदवाव्यात. कळफलकावरील कळा मुळीच नोंदवू नयेत, कारण त्यांत पासवर्डही येतात. कॅमेरा सुरू होण्याआधी संमती घेणारा पडदा आलाच पाहिजे.

एन्कोडर, म्हणजे चित्र व आवाज आकसून फाइलीत साठवण्याजोगे करणारा भाग, स्वतः लिहू नये; एफएफएमपेग किंवा जीस्ट्रीमर ही तयार मुक्तस्रोत साधने वापरावीत. मात्र एफएफएमपेगमध्ये एक्स२६४ हा चित्रफितीचा एन्कोडर जोडल्यास तयार होणाऱ्या प्रोग्रामला जीपीएल हा मुक्तस्रोत परवाना लागू होतो, म्हणून प्रकल्पाचा परवाना आधीच ठरवावा.

चित्रफीत थेट साध्या एमपी४मध्ये लिहू नये. त्या फाइलची अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर तासाभराची चाचणी उघडतच नाही. एमकेव्ही या फाइल-प्रकारात लिहावे, तोपर्यंतचा भाग हाती राहतो.

आता खरी अवघड पायरी: वेळेचा मेळ. ‘तीस फ्रेम (चित्रफितीतली सुटी चित्रे) म्हणजे एक सेकंद’ असे धरून चालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. लिनक्सवर वेलँड ही पडद्यावर चित्र दाखवणारी व्यवस्था असेल, तर पडद्याचे चित्र पाइपवायर या चित्र-आवाज पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत मिळते आणि पडद्यावर काही बदलले नाही, तर अनेकदा नवी फ्रेम येतच नाही. समजा, अर्ज भरताना एखाद्या बाई ‘पुढे’ हे बटण शोधत वीस सेकंद निश्चल बसल्या. फ्रेम मोजून वेळ काढणारा प्रोग्राम ती वीस सेकंदे गिळून टाकतो, चित्र आवाजाच्या पुढे धावते आणि माणूस नेमका कुठे अडला हेच नाहीसे होते. चाचणी तर त्याच क्षणासाठी घेतलेली असते! म्हणून प्रत्येक फ्रेमसोबत आलेली वेळेची नोंदच प्रमाण मानावी आणि चारही प्रवाह एकाच, मागे न जाणाऱ्या घड्याळाला बांधावेत. भिंतीवरच्या वेळेसारखे चालणारे प्रणालीचे घड्याळ वापरू नये, कारण इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होताना ते उडी मारू शकते.

एवढ्यानेही काम संपत नाही. मायक्रोफोनचे स्वतःचे घड्याळ असते. ते संगणकाच्या घड्याळापेक्षा दहा लाखांत ५० भागांनी जरी वेगळे चालले, तरी तासाभरात १८० मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि ओठ व शब्द वेगळे दिसू लागतात. ‘सुरुवातीला आवाज थोडा सरकवा’ हा उपाय येथे निरुपयोगी आहे, कारण फरक सतत वाढत असतो. आवाजाचे नमुने रेकॉर्डिंगभर ताणत-आकसत राहावे लागतात. एफएफएमपेगमधील ‘एरिसँपल’ (aresample) फिल्टर ‘असिंक’ (async) पर्यायासह हे काम करतो.

पडताळणीसाठी एक साधे पान बनवावे: सुरुवातीला पडदा पांढरा चमकतो व त्याच क्षणी ‘बीप’ वाजतो, मग पडदा पूर्ण स्थिर राहतो आणि तासाभराने पुन्हा चमक व बीप. दोन्ही टोकांना चमक आणि बीप यांतील अंतर तेवढेच भरले पाहिजे. दोन-तीन मिनिटांच्या तपासणीवर मी मुळीच विश्वास ठेवत नाही, कारण घड्याळांतील फरक तेवढ्या वेळात दिसतच नाही.

हे पान कोडसोबत प्रकल्पाच्या भांडारातच (रिपॉझिटरीत) ठेवावे आणि रेकॉर्डिंगच्या भागाला हात लावणारा कोणताही बदल, तो कितीही किरकोळ वाटला तरी, ही तासाभराची तपासणी पार केल्याशिवाय स्वीकारू नये.