जर्मनीत राहायला जाताना : खासगीपणाची वेस कशी ओळखावी

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून जर्मनीत जाणाऱ्यांची व्हिसा, विमा, भाषा आणि गरम कपडे यांची तयारी बहुधा चोख असते. एका गोष्टीची तयारी मात्र राहून जाते आणि तीच पुढे वर्षभर टोचत राहते. शेजारी जिन्यात भेटले की नमस्कारापलीकडे बोलत नाहीत, बरोबर काम करणारे घरचे काही सांगत नाहीत, डॉक्टर नवऱ्याला बायकोच्या आजाराबद्दल एक अक्षर सांगत नाहीत आणि आपण आपुलकीने विचारलेल्या साध्या प्रश्नाने समोरच्याचा चेहरा उतरतो. असे चार-सहा अनुभव गाठीशी आले की पुष्कळ जण 'ही माणसेच कोरडी' असे ठरवून मोकळे होतात. मीही पहिल्या वर्षी तसेच ठरवले होते. तिथे अकरा वर्षे संसार केल्यावर तो समज चुकीचा होता, हे मी खात्रीने सांगू शकते.

आपल्याकडे खासगीपणा नाहीच, असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन हिशेब वेगळे ठेवले जात. पहिला राज्याच्या महसुलाचा, दुसरा राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. खासगी म्हणजे घराण्याचे, हा अर्थ आपल्या मनात अजूनही मुरलेला आहे. घरातले भांडण चव्हाट्यावर आणू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते, आणि ती पाळताना आपण उंबऱ्याच्या बाहेर पुष्कळ काही झाकतो. उंबऱ्याच्या आत मात्र कोणाचे पत्र कोणी उघडले, कोणाचा पगार किती, कोणाला कसला त्रास आहे, हे सगळ्यांचेच असते. जर्मनीत ही वेस उंबऱ्यावर नसून प्रत्येक माणसाभोवती स्वतंत्र असते, घरातसुद्धा. हा एक फरक मनात पक्का बसला की पुढच्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

ही वेस इतकी जपली का जाते

नियम पाठ करण्याआधी त्यांच्यामागचा इतिहास समजून घ्यावा, कारण तो समजला की नियमांचा राग येत नाही. १९३९ च्या जनगणनेत नाझी राजवटीने माणसांचे आजी-आजोबा ज्यू होते का, हे एका वेगळ्या पत्रकावर लिहून घेतले होते. युद्धानंतर पूर्व जर्मनीत 'श्टाझी' या गुप्त पोलीस खात्याने लोकांच्या घरादारांत कान पेरले. १९८९ मध्ये हे खाते कोसळले, तेव्हा त्याचे सुमारे ९१,००० पगारी नोकर होते आणि त्यांच्याखेरीज सुमारे १,८९,००० छुपे खबरे होते, तेही जेमतेम एक कोटी साठ लाख वस्तीच्या देशात. जानेवारी १९९२ पासून लोकांना आपापल्या फायली पाहता येऊ लागल्या. पूर्व जर्मनीतल्या राजवटविरोधी कार्यकर्त्या वेरा लेंग्सफेल्ड यांना (त्या काळी त्यांचे आडनाव वोलेनबेर्गर होते) आपल्यावर पाळत ठेवून खबर पुरवणारा माणूस आपलाच नवरा होता, हे तेव्हाच कळले. ज्या समाजात असे घडलेले आहे, तिथे 'नुसते विचारले तर काय बिघडले' हा प्रश्न आपल्याला वाटतो तेवढा निरागस राहत नाही.

पश्चिम जर्मनीचा अनुभव वेगळा होता, तरी ओढ तीच होती. हेसेन या राज्याने १९७० मध्ये जगातला पहिला माहिती-संरक्षण कायदा केला. १९८३ ची नियोजित जनगणना लोकांच्या विरोधामुळे न्यायालयात अडली आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयाने, आपली माहिती कोणाला आणि कशासाठी द्यायची हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असा निकाल दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, ते यानंतर चौतीस वर्षांनी. २०१० मध्ये गूगलने जर्मनीच्या वीस शहरांतल्या रस्त्यांची छायाचित्रे नकाशावर आणायचे ठरवले, तेव्हा सुमारे २ लाख ४४ हजार घरांनी आमची इमारत धूसर करा, असे कळवले होते.

पहिले पंधरा दिवस

गेल्यागेल्या करायचे काम नेमके याच्या उलट वाटेल असे आहे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत आपला पत्ता नोंदवावा लागतो. याला तिथे 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरमालकाकडून, ही व्यक्ती माझ्या जागेत राहायला आली आहे, असे सही केलेले पत्र आधीच मागून घ्यावे. नोंदणीच्या अर्जात धर्म विचारलेला पाहून आपल्या लोकांना धक्का बसतो. तो रकाना चर्चच्या कराशी जोडलेला आहे, कारण काही धर्मसंस्थांचा कर सरकार सभासदांकडून वसूल करते. त्या संस्थांचे तुम्ही सभासद नसाल, तर तुम्हाला तो कर लागू होत नाही. त्याच वेळी एक गोष्ट आवर्जून करावी. राजकीय पक्षांना आणि पत्त्यांची पुस्तके छापणाऱ्या प्रकाशकांना आपली माहिती पुरवू नये, अशी हरकत तिथे फुकट नोंदवता येते आणि तिचे कारण द्यावे लागत नाही.

नंतर घंटी आणि पत्रपेटी यांच्याकडे वळावे. तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला क्रमांक नसतो, पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो, त्यामुळे पेटीवर आपले नाव नसेल तर बँकेचे कार्ड, विम्याचे कागद, व्हिसाची पत्रे, सगळे परत जाते. कोणाकडे पोटभाडेकरू म्हणून राहत असाल, तर आपल्या नावाची चिठ्ठी त्यांच्या नावाखाली लावण्याची परवानगी पहिल्याच दिवशी घ्यावी. दुसऱ्याच्या नावाचे बंद पाकीट मात्र उघडू नये, मग तो दुसरा स्वतःचा नवरा का असेना. असे करणे तिथल्या कायद्याने गुन्हा ठरू शकते. फोनमध्ये सगळे संभाषण आपोआप ध्वनिमुद्रित करणारी सोय चालू असेल, तर ती विमानात बसण्यापूर्वी बंद करावी. समोरच्याच्या संमतीविना त्याचे खासगी बोलणे मुद्रित करण्याला तिथे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दारावर कॅमेरा बसवायचा असेल, तर त्यात शेजाऱ्याचे दार, सामाईक जिना किंवा रस्ता येता कामा नये.

छायाचित्रांच्या बाबतीत

माझा मुलगा सहा वर्षांचा झाला, तेव्हा आम्ही त्याच्या वर्गातली आठ मुले घरी बोलावली होती. केक, फुगे, टोप्या, सगळे आपल्याकडच्यासारखे झाले आणि रात्री मी तीस-पस्तीस फोटो फेसबुकवर टाकले. दोन दिवसांनी संध्याकाळी एका मुलीची आई दारात उभी राहिली. मी आत या म्हटले, ती आली नाही. हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला ठाऊक आहे, पण माझ्या मुलीचे फोटो काढून टाका." मी समजावू लागले की हे फक्त आमचे नातेवाईक पाहतात. ती म्हणाली, "पण तुमच्या नातेवाइकांना मी ओळखत नाही." मी तिथल्या तिथे, तिच्या देखत, फोन काढून फोटो पुसले. तिने आभार मानले आणि पुढच्या शनिवारी तिच्या मुलीच्या वाढदिवसाला माझ्या मुलाला बोलावलेही. राग तिच्या मनात नव्हताच. तिने वेस दाखवली आणि आपण ती मान्य केली, एवढ्याने तिच्या लेखी विषय संपला होता.

यातून घ्यायची पद्धत सोपी आहे. फोटो काढण्यापूर्वी विचारावे, आणि तो कुठेही टाकण्यापूर्वी पुन्हा वेगळे विचारावे, कारण तिथे या दोन वेगवेगळ्या परवानग्या मानल्या जातात. लहान मूल असेल तर त्याच्या आई-वडिलांना विचारावे. बालवाडीत प्रवेश घेताना याचाच एक छापील अर्ज मिळतो, तो वाचून, हवे तिथे 'नाही' लिहूनच सही करावी. या दंडकाचे मूळ जुने आहे. १८९८ मध्ये जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन छायाचित्रकार न विचारता त्याच्या खोलीत शिरले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. त्या वेळी माणसाच्या छबीचे रक्षण करणारा कायदाच नसल्यामुळे न्यायालयाला घरात घुसखोरी केल्याच्या मुद्द्याचा आधार घ्यावा लागला, आणि त्या प्रकरणाने पेटलेल्या चर्चेनंतर १९०७ च्या कायद्यात स्वतःच्या चित्रावरचा हक्क आला. तो आजही लागू आहे. रेल्वेच्या डब्यातून आईला व्हिडिओ कॉल करताना समोरचे प्रवासी चौकटीत येतात, हेही ध्यानात ठेवावे. कॅमेरा खिडकीकडे वळवला की काम भागते.

काय विचारावे, काय विचारू नये

'कुठे निघालात?', 'जेवण झाले का?' हे आपले प्रश्न खरे तर प्रश्नच नसतात, ते नमस्काराचे दुसरे रूप असते. जर्मन माणूस त्यांना प्रश्न समजतो आणि उत्तर द्यायला मी बांधील का, असा विचार करतो. पगार, वय, घराचे भाडे, लग्न का केले नाही, मूल कधी होणार, हे विषय चांगली मैत्री होईपर्यंत काढूच नयेत. पगार तर मैत्री झाल्यावरही काढू नये. सुट्टीला कुठे जाणार, हवा कशी आहे, सायकल कुठे दुरुस्त करून मिळेल, भाजी कुठे ताजी मिळते, यांवर मात्र लोक मोकळेपणाने आणि भरपूर बोलतात. अनोळखी माणसाला 'झी' (आपले 'तुम्ही') म्हणावे. 'डू' (आपले 'तू') म्हणू या, असे वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने सुचवायचे असते. अहो-जाहो आणि अरे-तुरे यांत वाढलेल्या आपल्या माणसाला हे शिकायला दोन दिवसही लागत नाहीत.

नोकरीच्या मुलाखतीतही ही वेस तुमच्या बाजूने उभी असते. गरोदर आहात का, लग्नाचा विचार आहे का, असे विचारण्याचा मालकाला अधिकार नाही, आणि विचारलेच तर खरे उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. आजारपणाची रजा घेताना ताप, जुलाब, पाठदुखी असे वर्णन साहेबांना लिहू नये. मी आजारी आहे आणि अमुक दिवसापर्यंत येऊ शकत नाही, एवढे पुरते. डॉक्टरच्या दाखल्यातही मालकाला आजाराचे नाव कळत नाही.

दवाखाना आणि घरची माणसे

आपल्या कुटुंबांना सर्वांत जास्त त्रास इथे होतो, म्हणून याची तयारी आधीच करावी. दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात जमिनीवर एक पट्टी आखलेली असते. पुढच्याचे बोलणे संपेपर्यंत तिच्या मागे उभे राहावे. आपल्याकडे आजाऱ्याबरोबर तिघे जण आत जातात आणि बोलतो तो मोठा मुलगा. तिथे डॉक्टर आजाऱ्याशीच बोलतात आणि त्याच्या संमतीशिवाय घरच्यांना काही सांगणे हा त्यांच्यासाठी गुन्हा आहे. पती किंवा पत्नी बेशुद्ध असेल, तर सहा महिन्यांपर्यंत जोडीदाराने वैद्यकीय निर्णय घेण्याची सोय २०२३ पासून कायद्यात आहे, पण ती मुलांना, भावंडांना किंवा आई-वडिलांना मिळत नाही. म्हणून तिथे कायम राहणार असाल, तर 'फोरझोर्गेफोलमाख्ट' नावाचे अधिकारपत्र घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाने धडधाकट असतानाच करून ठेवावे. भेटीला आलेल्या आई-वडिलांना डॉक्टरकडे न्यावे लागले, तर मुलाला किंवा मुलीला माहिती सांगावी, अशा संमतीच्या कागदावर त्यांची सही पहिल्याच भेटीत घ्यावी.

एवढे सगळे जपणारी ही माणसे सॉनामध्ये, म्हणजे घाम काढण्याच्या तापवलेल्या खोलीत, स्त्री-पुरुष एकत्र, कपड्यांशिवाय बसतात, आणि पुष्कळ ठिकाणी पोहण्याचे कपडे घालून आत येऊ देत नाहीत, हे पाहून आपला माणूस चक्रावतो. शरीर उघडे आणि पगार झाकलेला, असा तो हिशेब आहे. जायचे नसेल तर जाऊ नये, कोणी आग्रह करत नाही. हा हिशेब सगळ्या युरोपचा आहे, असेही समजू नये. बदली होऊन नॉर्वेत गेलात, तर तिथे कोणाचे करपात्र उत्पन्न किती, हे सरकारी यादीत पाहता येते. फक्त २०१४ पासून, कोणी पाहिले ते ज्याचे पाहिले त्यालाही कळते. स्वीडनमध्ये सरकारी कागद लोकांना खुले असण्याची परंपरा १७६६ पासूनची आहे.

शेवटी शेजाराबद्दल. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या माझ्या आईला तिथली बंद दारे पाहून रडू आले होते, आणि ते दुःख मी हलके मानत नाही. पलीकडच्या खोलीतला खोकला ऐकून काढा घेऊन येणारा शेजार ही मोठीच श्रीमंती आहे. पण तिथल्या दारालाही रीत आहे, आणि बहुधा एखादे पार्सल ते दार उघडते. आपण घरी नसलो तर पार्सलवाला ते शेजाऱ्याकडे देतो आणि चिठ्ठी आपल्या पेटीत टाकतो. ते आणायला जाताना घंटी एकदाच वाजवावी, दारापासून दोन पावले मागे उभे राहावे, आत डोकावू नये, आभार मानून निघावे. असे तीन-चारदा झाले की दिवाळीला लाडूंचा छोटा डबा त्यांच्या दाराशी ठेवायला हरकत नाही. सोबत चिठ्ठी असावी, तिच्यावर लाडवांत काय काय घातले आहे ते लिहावे, काजू-बदाम आणि तूप तर नक्कीच, आणि खाली आपले नाव घंटीवर आहे तसेच लिहावे, म्हणजे डबा परत करायला कोणत्या दारी यायचे, हे त्यांना कळते.