तलावपाळीचं फुटेज आणि केशरी चेहरे

ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळी शूट केलेलं एस-लॉग3 (सोनी कॅमेऱ्याचं फिकं दिसणारं, रंग नंतर द्यायचं प्रोफाइल) फुटेज, माझ्या नेहमीच्या एडिटरमध्ये रेडीमेड एलयूटी (रंग बदलणारी तयार फाइल) टाकला की सगळ्यांचे चेहरे केशरी. मग फक्त ग्रेडिंगसाठी, म्हणजे रंग नीट करायला, दाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर घेतलं, फ्री वालंच. त्यात रंगाच्या बदलाचा एकेक टप्पा म्हणजे एक नोड; शेवटच्या नोडवर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (कॅमेऱ्याचे रंग स्क्रीनच्या रंगांत बदलणारा इफेक्ट) लावला, इनपुट एस-गॅमट3.सिने/एस-लॉग3, आउटपुट रेक.709 (नेहमीच्या टीव्ही-स्क्रीनचं स्टँडर्ड) गॅमा 2.4, आणि एक्स्पोजर नि व्हाइट बॅलन्स त्याच्या आधीच्या नोडवर, मग हायलाइट्स (उजळ भाग) पण सांभाळता येतात. वेक्टरस्कोपमध्ये (रंग दाखवणारा गोल आलेख) स्किन टोनची रेघ ऑन करून चेहरे तिच्याजवळ आणले, कारण लॅपटॉपच्या स्क्रीनवर भरवसा शून्य. फ्रीमध्ये 3840 बाय 2160 पर्यंत एक्सपोर्ट मिळतो, बास झालं. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं) तेवढं पेड स्टुडिओ व्हर्जनमध्येच आहे, ते लग्नाच्या सीझननंतर बघू.